मंगल कार्यालयासमोरची रेघ

"मग मी जिंकले की नाही, तेवढंच सांगा आक्का."

वृषाली खराडे उभ्याउभ्याच बोलत होती. सायकल तिनं भिंतीला टेकवली नव्हती, हातानं धरून ठेवली होती. एवढ्या किमतीची सायकल भिंतीला टेकवत नाहीत म्हणे.

आक्का बेदाणा निवडत होत्या. ताटातला दाणा उचलायचा, काडी खुडायची, दाणा पाटीत टाकायचा.

"बस की," त्या म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही. पाचच्या आत तासगावला अर्ज द्यायचाय."

"मग उभी ऱ्हा."

मी आक्कांच्या बेदाण्याच्या शेडच्या दाराशी बसलो होतो. मी दिलावर, तासगावात सायकलचं दुकान आहे. आक्कांच्या सायकलचं पुढचं चाक काढून मांडीवर घेतलं होतं आणि त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत होतो. आक्का ती सायकल घेऊन अजूनही रोज मणेराजुरीहून बाजाराला जातात. खड्डा चुकवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, म्हणून दर दोन महिन्यांनी चाक वाकडं होतं.

आक्का म्हणजे रत्नाबाई आवटी. त्यांच्या उमेदीच्या काळात सलग अकरा वर्षं राज्यात पहिल्या. आता सासष्ट वय. सायकल संघटनेच्या निवड समितीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांची सही झाली की त्यावर दाद नाही.

वृषाली तीन वर्षं जिल्ह्यात पहिली. गुणी पोरगी. पण आपण गुणी आहोत हे तिला जरा लवकर कळलं.

"काय झालं ते सांग," आक्का म्हणाल्या.

"तुम्हाला माहिती आहे सगळं."

"तुझ्या तोंडनं सांग."

वृषालीनं सांगितलं. गेल्या रविवारी साठ किलोमीटरची शर्यत होती. पहिली येईल ती थेट राज्याच्या संघात. वृषाली पन्नासाव्या किलोमीटरपासून एकटीच पुढे होती. शेवटच्या वळणावर रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ दिसली. दोन्ही बाजूंना माणसं होती. तिनं रेघ ओलांडली, हँडल सोडलं आणि दोन्ही हात वर केले.

"मग?"

"मग बँड वाजायला लागला."

आक्कांचा हात थांबला. "शर्यतीला बँड?"

वृषालीनं हेल्मेटचा पट्टा सैल केला.

मला राहवलं नाही. "मंगल कार्यालय होतं आक्का. लग्नाच्या गाड्या कुठं लावायच्या म्हणून त्यांनी फक्की मारलेली. आणि बँड नवरदेवासाठी. तो हिच्या मागच्याच गाडीत होता."

वरातीमागून घोडं सगळ्यांनी ऐकलंय. वरातीपुढे सायकल मी तरी पहिल्यांदाच ऐकली.

"त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या," वृषाली म्हणाली. "एका बाईनं अक्षता टाकल्या. मला काय कळणार?"

"आनि खरी रेघ?"

"चाळीस मीटर पुढे."

"तोवर तू?"

"...हात वर."

"लई वेळ?"

"नमस्कार करत होते लोकांना."

त्या चाळीस मीटरांत करोलीची एक पोरगी मागून आली आणि पुढे निघून गेली. तिची पहिलीच शर्यत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मी ते मनातच म्हटलं. वृषालीचे डोळे भरून आले होते, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती सायकलच्या चेनकडे बघत होती. मला वाईट वाटलं. तीन वर्षं ही पोरगी पहाटे साडेचारला माझ्या दुकानासमोरून जायची. थंडीत, पावसात, एक दिवस खाडा नाही.

तिनं जॅकेटमधून कागद काढला. जाडजूड, छापील, खाली सहीसाठी जागा सोडलेला.

"हा अर्ज. ती रेघ दिशाभूल करणारी होती, तिथवर मीच पहिली होते, सबब निकाल बदलावा. तुम्ही फक्त सही करा."

"आनि करोलीच्या पोरीचं?"

"ती दुसरी."

"आनि म्या सही न्हाई केली तर?"

"तर संघात एकच जागा उरलीय. त्यासाठी येत्या रविवारी खुली चाचणी आहे. कुणीही यावं, नाव द्यावं. त्याचीही मुदत आज पाचपर्यंतच, तासगावलाच." तिनं नाक मुरडलं. "शाळेच्या पोरी येतात तिथं आक्का. कॅरिअरला डबा लावून येतात. मी त्यांच्यात उभी राहू? मी?"

आक्कांनी एक काडी खुडली.

"तुम्ही तरी उभ्या राहिला असता का?" वृषालीचा आवाज चढला. "तुमच्यावर आम्हाला शाळेत भाषण होतं. अकरा वर्षं पहिल्या आल्या, पण एकदाही हात वर केले नाहीत. विजयाचा मोह नाही. सर म्हणायचे, याला म्हणतात वैराग्य."

"कोन म्हनायचं?"

"आमचे सर. पेपरातही आलं होतं, विरक्त विजेती म्हणून."

आक्का हसायला लागल्या. हसताना ताट मांडीवरून घसरलं, ते मी धरलं. हसून झाल्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि आमच्या दोघांकडे पाहिलं. त्या भिंगांतून त्यांचे डोळे बोराएवढे दिसतात.

"अगं, मला रेघ दिसायचीच न्हाई."

"...म्हणजे?"

"नजर अधू. दहा पावलांवरचा दगुड दिसायचा, पुढच्या पोरीचं चाक दिसायचं. त्येच्याफुडं सगळं धुकं. आमच्या वडलांनी चष्मा घिऊ दिला न्हाई. चष्मेवाल्या पोरीला स्थळ येत न्हाई म्हनायचे. मग रेघ कुठं आली, कुठं गेली, मला काय ठावं? कोन आडवं येईस्तवर चालवायची."

"आणि कुणी आडवं आलं नाही तर?"

"पयल्या वर्षी आलं न्हाई. म्या कवठ्याच्या बाजारात गेले. बक्षीस वडलांनी घेतलं."

हे मला ठाऊक होतं. माझे अब्बा तेव्हा आक्कांची सायकल बघायचे. दुसऱ्या वर्षीपासून रेघेच्या पुढे दोनशे पावलांवर उभं राहून ओरडायचं कामही त्यांच्याकडेच आलं. आक्का थांबत नसत म्हणून त्यांनी एकदा आडवा बैल उभा केला होता. अब्बा हे सांगताना दर वेळी बैलाचा रंग बदलायचे, पण बैल होता हे खरं.

वृषालीचा चेहरा पडला. वैराग्याच्या जागी चष्मा निघाला की कुणाचाही पडेल.

"मग याचा माझ्या अर्जाशी काय संबंध?" ती म्हणाली.

"काय न्हाई. तूच इचारलंस."

...

आक्कांनी पदर खोचला आणि उठल्या.

"सही पायजे न्हवं? चल, शर्यत लावू. तू आनि मी. मला मागं टाक, सही करते."

वृषालीला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं.

"आक्का, तुम्ही सासष्ट वर्षांच्या आहात."

"तुला भ्या वाटतंय व्हय?"

एवढं पुरलं. वृषालीनं हेल्मेटचा पट्टा आवळला, अर्ज आक्कांच्या ताटाशेजारी ठेवला, त्यावर वजन म्हणून मूठभर बेदाणे ठेवले. "कुठपर्यंत?"

"कवठ्याच्या रस्त्यानं. संपली म्हनून म्या सांगीन, तिथवर."

"अशी कुठं शर्यत असते का?"

"आमच्यात असती. हो म्होरं, आलेच म्या सायकल घिऊन."

वृषाली रस्त्याला लागली. निघताना तिच्या चेहऱ्यावर जी दया होती, ती मी अजून विसरलो नाही. शेडच्या कडेला आक्कांची सायकल दोन विटांवर उभी होती. पुढचं चाक माझ्या मांडीवर होतं. वृषाली त्या सायकलच्या अगदी शेजारून गेली, पण तिनं तिकडे पाहिलंच नाही.

आक्का परत येऊन बसल्या. ताट मांडीवर घेतलं.

"आक्का, ही फसवणूक झाली," मी म्हणालो.

"तू चाक दिलंस का मला?"

"अजून आऊट निघायचाय."

"मग? उशीर तुझा."

मी स्पोक आवळत बसलो.

अर्धा तास झाला, तास झाला. चाक सरळ झालं, मी ते बसवलं, हवा भरली. ऊन वाढलं. पोरगी पाण्याची एकच बाटली घेऊन गेली होती, माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन करू का म्हणून विचारलं. आक्का म्हणाल्या, "शर्यतीत फोन उचलत न्हाईत." आणि निवडलेल्या बेदाण्यांची पाटी त्यांनी पुढे ओढली.

दोन तास होऊन गेल्यावर वृषाली आली. घामानं निथळत होती, ओठ पांढरे पडले होते. सायकलवरून उतरली आणि ती लाखाची सायकल तिनं सरळ भिंतीवर टाकली.

"तुम्ही आलाच नाहीत."

आक्कांनी तांब्या पुढे केला. ती घटाघटा प्याली. मग पुन्हा म्हणाली, "तुम्ही आलाच नाहीत आक्का."

"मग दोन तास कुनाला मागं टाकत हुतीस?"

...

वृषालीनं आधी आक्कांकडे पाहिलं, मग विटांवरच्या सायकलकडे, मग माझ्या काळ्या हातांकडे. आता ही रागानं निघून जाणार असं मला वाटलं. ती मटकन खाली बसली.

"कुठवर गेलीस?" आक्कांनी विचारलं.

"ढालगावच्या अलीकडे. रेल्वेचं फाटक पडलं होतं."

"फाटक नसतं तर?"

"...माहीत नाही."

"मागं बघत हुतीस?"

"कवठ्यापर्यंत बघत होते. प्रत्येक गाव आलं की वाटायचं, इथं संपली असेल, आता तुम्ही मागून हाक माराल. हाक आली नाही. मग मागं बघायचं सुटलं." तिनं बाहीनं घाम पुसला. "नंतरचं मला नीट आठवत नाही आक्का. नुसती चालवत होते. मीटर बघायचं पण राहिलं."

सायकलवरचा मीटर मी बघितला, वेग तिच्या नेहमीच्या कितीतरी वर होता. ते आकडे मी तिला सांगितले नाहीत. आत्ता कुठे डोक्यातली हवा जरा कमी झाली होती.

"वाटेत हात वर केलेस?" आक्कांनी विचारलं.

"कधी करणार? रेघच नव्हती."

असं म्हणून तिला हसू आलं. मग रडू आलं. दोन्ही एकदमच आलं आणि नाक पुसायला काही सापडेना, तेव्हा आक्कांनी पदर दिला. मी चाकाची हवा उगाच पुन्हा तपासली.

जरा वेळानं ती सावरली. जॅकेट झटकलं. "बरं. मग सहीचं काय?"

आक्कांनी पाटीशेजारून एक पुडी उचलून तिच्या हातात दिली. चांगली घट्ट वळलेली, पावशेर बेदाण्याची. वृषाली पुडीकडे बघत राहिली. पुडीवर छापील अक्षरं होती. 'सबब निकाल' एवढं वर दिसत होतं, 'बदलावा' आत गेलं होतं.

"आक्का, हा माझा अर्ज."

"व्हय. कागुद चांगला जाड हाय. खा, दमलीयास."

मला वाटलं, आता मात्र ती पेटणार. आक्का शांतपणे काड्या खुडत होत्या. वृषालीनं पुडी उघडली, एक दाणा तोंडात टाकला. मग दुसरा. मग मूठभर. खाताना ती माझ्या घड्याळाकडे बघत होती.

"दिलावरचाचा, साडेतीन झाले का?"

"पावणेचार."

"तासगाव अर्ध्या तासात होईल." ती उठली. उठताना मांड्या धरून कण्हली. "खुल्या चाचणीला नाव द्यायला आधार कार्ड लागतं का?"

"फोनातलं चालतं," मी म्हणालो.

"त्या पोरी डबा कॅरिअरला का लावतात कोण जाणे," ती पुटपुटली. "पाठीला बांधला तर हलत नाही. सांगते त्यांना रविवारी."

तिनं उरलेली पुडी जॅकेटच्या मागच्या खिशात कोंबली, आक्कांच्या पायाला हात लावला आणि सायकलवर टांग टाकली. दहा हात गेली, ब्रेक लावला, आणि एक पाय टेकून मागं वळली.

"आक्का, पण आपल्या शर्यतीचं राहिलंच. कोण जिंकलं?"

आक्कांनी ताटातला दाणा उचलला.

"संपली म्हनून सांगितलंय का म्या?"