खिडकीतला कप

"मग माझं चुकलं कुठे, लामाजी? तेवढं एक सांगा."

कापगते गुरुजींनी हेल्मेट मांडीवर घट्ट धरलं होतं. बसा म्हटल्यावर ते बसले होते खरे, पण अजून निम्मे मोटरसायकलवरच होते.

 लामाजी चष्म्याची सुटलेली काडी दोऱ्याने बांधत होते.

लामाजी म्हणजे खरे लामा नव्हेत. उभा जन्म गालिचे विणण्यात गेला. बायको होती, मुलगी आहे, जावई आहे. पण हातात जपमाळ असते आणि माणूस कोणावर डाफरत नाही, एवढ्या पुराव्यावर आठवडी बाजाराने त्यांना लामा करून टाकलं. आठ वर्षांचे असताना ते तिबेटातून डोंगर ओलांडून आले. पुढे धरणाशेजारच्या या निर्वासितांच्या कॅम्पात घर मिळालं आणि इथेच म्हातारे झाले.

मुलगी आणि जावई दिवाळी झाली की स्वेटर विकायला नागपूरला जातात, होळीला परततात. तोवर नात आजोबांजवळ असते. नात म्हणजे यांगचेन. कापगते गुरुजींच्या वर्गात, सातवीत.

ती आतून थर्मास घेऊन आली. गुरुजींसमोरचा कप भरला आणि दाराजवळच्या गालिच्याच्या मागापाशी जाऊन उभी राहिली.

गुरुजींनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि बोलले ते लामाजींशी.

"ही पाच दिवस शाळेत आलेली नाही."

"माहीत हाय. घरीच असते."

"शनिवारी माझा पाठ आहे. जिल्ह्यातून माणसं येणार आहेत बघायला. आणि ही वर्गात नसली तर…"

"तर?"

"तर बरं दिसणार नाही."

लामाजींनी मान हलवली. "चाय घ्या, गुरुजी."

गुरुजींनी घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चहा खारट होता. वर लोण्याचा तवंग होता. पोरीने घाईत साखरेऐवजी मीठ घातलं असावं, असं त्यांना वाटलं. पण लोकांच्या घरी नावं ठेवायची नाहीत, ही आईची शिकवण. त्यांनी डोळे मिटून कप रिकामा केला.

यांगचेन आली आणि तिने कप भरला.

आता कापगते गुरुजींबद्दल दोन शब्द. मनुष्य मेहनती. निर्वासितांवरचा त्यांचा पाठ दूरदूर नावाजलेला. भिंतभर जगाचा नकाशा, त्यावर लाल बाण. कोण कुठून निघाले, कुठे गेले, किती वाटेत मेले. आकडे तोंडपाठ. गेल्या वर्षी या पाठाला बक्षीसही मिळालं. शाळेपासून कॅम्प तीन किलोमीटर. सहा वर्षांत गुरुजी कॅम्पात आज पहिल्यांदा आले होते. याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात, पण बक्षीस देणाऱ्यांना बहुधा उंटच आवडला असावा.

"त्या दिवशी वर्गात काय झालं?" लामाजींनी विचारलं.

"काही वाईट झालं नाही. शनिवारच्या पाठाच्या तयारीसाठी मी मुलांना एक कृती दिली होती. पाच मिनिटांत घर सोडायचं आहे, परत यायचं की नाही ठाऊक नाही. कोणत्या पाच वस्तू घ्याल? लिहा. मुलांना फार आवडतं."

"आवडते?"

"म्हणजे… विचार करतात. कोणी मोबाईल लिहितो, कोणी कुत्रा. एकाने आजी लिहिली."

"चांगला पोरगा हाय."

"हो. मग मी यांगचेनला पुढे बोलावलं. म्हटलं, आपल्या वर्गात जिवंत उदाहरण आहे. हिचे लोक खरोखर असे निघाले होते. सांग बाळा, तुम्ही येताना काय काय आणलं?"

"मग?"

गुरुजींनी कप उचलला. बोलण्याच्या भरात तोही संपवला.

"ती म्हणाली, मी तालुक्याच्या दवाखान्यात जन्मले."

लामाजी हसले. दात थोडे उरले होते, ते सगळे दिसले.

"पोरंही हसली," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, घाबरली आहे. म्हणून मी नीट समजावलं. म्हटलं, तुझा जन्म इथला असला तरी तू निर्वासितच, त्यात लाजायचं काय? सांग. पण ती बोलेना. मी म्हटलं, आठव, तोवर इथेच उभी राहा. तास संपेपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवसापासून आली नाही."



यांगचेन आली, तिसऱ्यांदा कप भरला आणि परत मागापाशी गेली.

"मी तिच्या लोकांबद्दल आदरानेच बोललो, लामाजी. पोरांना कळावं म्हणूनच बोललो. परवा याच पोरांतला एक जण बाजारात कॅम्पातल्या बाईला म्हणत होता, तुम्ही तुमच्या देशात जा. माझ्या कानांनी ऐकलं. ते थांबावं म्हणून तर मी हा पाठ घेतो."

हे गुरुजी मनापासून बोलले. त्यांचा आवाज थोडा चढला होता.

"थांबलं का?" लामाजींनी विचारलं.

…

गुरुजींनी तिसरा कप ओठांना लावला. अर्ध्यावर थांबले. मग मनाचा हिय्या करून तोही संपवला.

यांगचेन थर्मास घेऊन निघालीच होती.

"लामाजी, आता पुरे," गुरुजी काकुळतीला आले. "खरंच पुरे."

"पुरे, तर मग कप रिकामा कायले करता?"

"टाकायचं नाही म्हणून. पानातलं टाकू नये, असं आम्हाला लहानपणापासून…"

"आमच्यात कप भरलेला ठेवला म्हणजे पुरे. रिकामा केला म्हणजे पाहुण्याले अजून पाहिजे. पोरगी काय करन? भरत रायली."

"आणि मीठ?"

"मीठ असतेच त्यात."

गुरुजींचा चेहरा उतरला. "मग आधी सांगायचं ना."

"तुमी विचारलं कुठं? तीन कप तोंड वाकडं करून पेले. भरणारी समोर होती."

गुरुजींनी मागाकडे पाहिलं. यांगचेन थर्मास छातीशी धरून उभी होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, ते तिने पटकन आवरलं.

"घरात येऊन अर्धा तास झाला तुमाले," लामाजी म्हणाले. "तिच्याबद्दल मले विचारून रायले. ती तिथंच हाय."

गुरुजींनी हेल्मेट खाली ठेवलं.

 सहा वर्षं शिकवणाऱ्या माणसाला सातवीतल्या पोरीशी बोलायला शब्द सापडेना. शेवटी तीच बोलली.

"गुरुजी, माज्या जागेवर कोन बसते?"

तिची जागा पुढची, खिडकीजवळची. बाकावर आजोबांनी विणलेलं वीतभर आसन असायचं, निळ्या काठाचं.

 गुरुजींना खोटं बोलता आलं असतं.

"सौरभ बसतो. पुढचा बाक रिकामा दिसला, म्हणून मी त्याला तिथे बसवलं."

"आसन?"

"कपाटात ठेवलंय."

"कधी बसवलं त्याले?"

"…दुसऱ्याच दिवशी."

तिने मान डोलावली. रडली नाही, रागावलीही नाही. एवढंच विचारायचं होतं, अशी ती मागाच्या दोऱ्यांकडे पाहत राहिली. गुरुजींना तिचं ते न रडणं सोसवेना. आपण काय केलं, ते त्यांना आत्ता कळत होतं, आणि कळताना लाज वाटत होती.

"लामाजी," ते हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगा आता. तुम्ही आठ वर्षांचे होतात. तुम्ही काय आणलं होतं?"

"सारे हेच विचारतात. मागं पेपरवाला आला, त्यानंही विचारलं. काय आणलं, काय आणलं…"

लामाजींनी चष्मा डोळ्यांना लावून पाहिला. काडी तिरकी बसली होती. त्यांनी तो पुन्हा काढला.

"ठेवून काय आलो, ते कोनी विचारत नाई."

गुरुजी वाट पाहत राहिले. या वेळी त्यांनी मध्ये काही विचारलं नाही, हे नोंदवण्यासारखं आहे.

"आमच्यात रीत हाय. घरातलं मानूस दूर निघालं, का त्याचा कप भरून ठेवायचा. त्यानं तो प्यायचा नाई. तो निघून गेला तरी कप तसाच भरलेला. म्हणजे घर वाट पाहते. त्या सकाळी काकासंगं मले धाडलं. माय मागं रायली, आजी उठू शकत नव्हती म्हणून. मायनं माझा लाकडाचा कप भरला, चुलीजवळ ठेवला. मी म्हनलं, एक घोट पेतो. तिनं हातावर मारलं. म्हने, येऊन पी."

…

"मग?"

"मग काय. तो कप तिकडंच हाय."

बाहेर कोणीतरी मोटरपंप चालू केला. धरणाचं पाणी कॅम्पाच्या वाफ्यांत यायला लागलं. 

तेव्हा गुरुजींचं लक्ष खिडकीकडे गेलं. गजांच्या आत, लाकडी फळीवर, दोन कप ठेवले होते. दोन्ही काठोकाठ भरलेले. वर साय धरली होती.

"हे कोणाचे?"

"माज्या आईचा आन् बाबाचा," यांगचेन म्हणाली. "नागपूरले गेले ना."

"दिवाळीपासून?"

"हो."

"रीत एका दिवसाची असते," लामाजी म्हणाले. "ही ऐकत नाई. होळीपर्यंत ठेवते."

गुरुजी उठले. खिडकीपाशी जाऊन त्यांनी ते दोन कप पाहिले. मग ते वळले, आणि लामाजींकडे पाठ करून यांगचेनशी बोलले.

"सौरभला मी उद्या सकाळी त्याच्या जागी परत पाठवतो. तुझं आसन माझ्या हाताने अंथरतो. तिथे कोणी बसणार नाही."

ती ऐकत होती.

"तुला पुढे बोलावणार नाही. काही विचारणारही नाही. तुला वाटलं तर तू विचार. वर्गासमोर मी सांगेन, की मी चूक केली. सौरभला बोल नाही लावणार, पोरांना नाही दटावणार. माझं मी सांगेन."

"आन् शनिवारी?" लामाजींनी विचारलं. "जिल्ह्याचे लोक येतीन ना?"

गुरुजी क्षणभर थांबले. नकाशा, लाल बाण, वर्षभराची मेहनत, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. माणूसच आहे.

"येऊ देत. नकाशा गुंडाळून ठेवतो. ही आली नसली आणि जागा रिकामी का, म्हणून त्यांनी विचारलं तर सांगेन, माझ्यामुळे रिकामी आहे. तोच पाठ."

"बक्षीस जाईन."

"जाऊ द्या."

हे ते असं बोलले, की लामाजींनी पहिल्यांदाच हातातला चष्मा बाजूला ठेवला.

गुरुजींनी हेल्मेट उचललं. दारापर्यंत गेले, आणि पायताणात पाय घालताना थबकले. आत यांगचेन त्यांच्या रिकाम्या कपात चहा ओतत होती. सावकाश, काठापर्यंत.

"अगं, मी निघालो. आता नको."

"तुमी नका पिऊ," ती म्हणाली, आणि कप उचलून तिने खिडकीतल्या त्या दोन कपांशेजारी ठेवला.

 गुरुजी चौकटीला हात लावून उभे राहिले.

"लामाजी… ती येईल ना?"

"तिले विचारा."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. तिने उत्तर दिलं नाही. तिला अजून ठाऊक नसावं.

"आणि नाहीच आली तर? किती दिवस ठेवू जागा?"

लामाजी उठले. गुडघ्यांवर हात देत खिडकीपर्यंत आले. त्यांनी साय धरलेला एक कप उचलला आणि गजांतून बाहेर, झेंडूच्या झाडाच्या बुडाशी रिता केला. मग तो नातीपुढे धरला. तिने थर्मासचं झाकण फिरवलं.

कपातून वाफ निघाली.

"थंड झाला का, नवा भरायचा, गुरुजी. रिकामा ठेवायचा नाई."