स्पॅनिशमधला एकच शब्द

नाशिकच्या एका भाषासंस्थेचे संचालक दिगंबरराव केळुसकर दोनदा माद्रिदला जाऊन आले होते, आणि हे त्यांनी आजवर कुणालाही विसरू दिलं नव्हतं. संस्थेत स्पॅनिश मात्र शलाका बोरवणकर शिकवायची, तीही चार महिने पगाराविना. पगार मागितला की केळुसकर म्हणत, "बाई, ज्ञानदानात पैसा कशाला आणता?" शलाकाच्या घरमालकाला ज्ञानदानाची तेवढी आवड नव्हती.

वार्षिक समारंभाला देणगीदार जमले. केळुसकर व्यासपीठावरून म्हणाले, "शलाकाबाई, स्पॅनिशचं सौंदर्य दिसेल असा एखादा शब्द सांगा पाहू!"

शलाकाने फळ्यावर लिहिलं, 'पागामे'. "'पागा' म्हणजे पैसे दे, 'मे' म्हणजे मला. स्पॅनिशमध्ये सर्वनाम क्रियापदालाच चिकटतं, त्यामुळे 'माझे पैसे दे' हे एका शब्दात भागतं. उदाहरणार्थ, मी सरांकडे वळून म्हणेन, पागामे!"

सभागृहात खसखस पिकली. केळुसकरांचे कान लाल झाले, पण माद्रिद मदतीला धावून आलं. "चुकलात, बाई! हे एकेरी रूप झालं. वरिष्ठांना 'पागेमे' म्हणतात. एवढंही येत नाही तुम्हाला?"

"येतं ना, सर," शलाका अगदी नम्रपणे म्हणाली. "गेले चार महिने मी तुम्हाला 'पागेमे'च म्हणत होते. एकेरीवर आजच आले."

पहिल्या रांगेतल्या देणगीदारांनी एकदम केळुसकरांकडे पाहिलं. समारंभाचा चहा संपायच्या आत चार महिन्यांचा चेक शलाकाच्या हातात पडला.