चार हात मोकळी जागा

फार पूर्वी शतधारा नदीच्या काठी कुंभवती नावाचे नगर होते आणि तिथे पुष्यरथ राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व जलरक्षकांच्या कुळात जन्माला आला. त्याचे नाव तिष्यगुप्त.

नगराच्या वर तीन कोसांवर राजाच्या आजोबांनी नदी अडवून मोठा तलाव बांधला होता. दगडमातीचा लांब बांध आणि बांधाच्या पोटात पाणी सोडायच्या सात मोऱ्या, सातही मोऱ्यांना सागवानी दारे. पाण्यात एक दगडी खांब उभा होता. त्यावर दोन रेघा कोरलेल्या होत्या. वरच्या रेघेपलीकडे पाणी गेले, तर बांध टिकणार नाही. खालची रेघ तिच्या चार हात खाली. हस्त नक्षत्राचा पाऊस संपेपर्यंत पाणी खालच्या रेघेवर चढू द्यायचे नाही, असा या कुळाचा नेम होता. हस्ताचा पाऊस कोसळला, तर त्याचे पाणी मावायला तेवढी जागा लागे.

तिष्यगुप्ताचा धाकटा भाऊ पालित त्याच्या हाताखाली काम करी. तेरा वर्षे तो भावाच्या मागे बांधावरून चालला होता. त्याला सगळे येत होते, पण राजा काही विचारायचा तर थोरल्याला, आणि गावकरी हात जोडायचे तेही थोरल्याला. पालित याविषयी कुणाशी बोलत नसे. मात्र ती गोष्ट त्याच्या मनातून जातही नसे.

एका वर्षी राजाने तलावाच्या काठी नवा मंडप बांधला आणि आश्विन पौर्णिमेला नौकाविहार ठरवला. शेजारच्या राज्याचे पाहुणे येणार होते. मंडपाच्या पायऱ्यांना पाणी लागले पाहिजे, अशी राजाची इच्छा होती. तिष्यगुप्त राजाला भेटून म्हणाला, "महाराज, ती चार हात जागा आपली नाही. ती यायच्या पाण्याची आहे. हस्त सरला की उरेल तेवढं पाणी तुमचं."

तिष्यगुप्ताने नेमाप्रमाणे दोन मोऱ्या उघडून पाणी खालच्या रेघेपर्यंत उतरवले. त्या दिवशी पूर्वेच्या डोंगरावर काळे ढग दाटले होते. दोघे भाऊ बांधावर शेजारी उभे होते. पालितच म्हणाला होता, "दादा, आज उघडलंस ते बरं केलंस."

पण ते ढग तसेच पुढे निघून गेले. हस्ताचा एक थेंब पडला नाही. पौर्णिमेला मंडपाच्या पायऱ्या कोरड्या राहिल्या, राजाची नाव पाहुण्यांसह चिखलात रुतली, आणि ती ओढून काढायला बैल आणावे लागले. पाहुणे तोंड फिरवून हसले.

दुसऱ्या दिवशी राजाने दोघा भावांना सभेत उभे केले. त्याने पालितालाच विचारले, "माझा विहार मोडायला त्याने मुद्दाम पाणी सोडलं, असं मला वाटतं. तू तिथे होतास. तुझ्या भावाने दारं उघडली तेव्हा आभाळात ढग होते का?"

इतक्या वर्षांत राजाने प्रथमच त्याला काही विचारले होते.

"नव्हते, महाराज," तो म्हणाला.

तिष्यगुप्ताने मान वळवून भावाकडे पाहिले. त्या नजरेत राग असता, तर पालिताला बरे वाटले असते. राजाने विचारले, "तुला काही सांगायचं आहे?" तिष्यगुप्त म्हणाला, "मी माझा नेम पाळला, महाराज. भावाविरुद्ध मला काही बोलायचं नाही."

राजाने त्याला पदावरून काढले आणि नगरात पाऊल टाकायला बंदी केली. पालित जलरक्षक झाला. निघण्यापूर्वी तिष्यगुप्ताने त्याला बांधावरून एकदा फिरवून आणले, कुठली मोरी गाळाने भरते, कुठल्या दाराचे लाकूड पावसात फुगते ते शांतपणे दाखवले. पालिताला हे सगळे ठाऊक होते. तरी तो हूं हूं करत राहिला, कारण भावाला थांबवायला तोंड उघडले असते, तर दुसरेच काही बाहेर पडले असते.

तिष्यगुप्त बांधाखाली दीड कोसावर वेतसग्रामात जाऊन राहिला. नदीच्या अल्याड गाव आणि पल्याड सखल जागेत कुंभारांचा एकोणीस घरांचा पाडा. तो दोन्हीकडे मोलमजुरी करी, मातीच्या पाट्या वाही, आणि रोज सकाळी नदीच्या काठावर उभा राहून पाण्याचा रंग बघे. लोकांना तो सांगे, "टेकडीवर दोन-चार झोपड्या बांधून ठेवा." गावकऱ्यांनी ऐकले. कुंभार हसून म्हणाले, "बाबा, नदी इथवर कधी आलीच नाही."

वर्ष फिरले. राजाने हुकूम काढला, की या वेळी पौर्णिमेपर्यंत एकही मोरी उघडायची नाही. पालिताने मान तुकवली. हस्त लागला तेव्हा वरच्या रेघेला दोनच हात उरले होते.

मग पाऊस आला. पहिल्या दिवशी पालित खांबाजवळ उभा राहून पाणी बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याने राजाकडे माणूस पाठवला, की निदान दोन मोऱ्या उघडायची परवानगी द्यावी. निरोप आला, की पौर्णिमा चार दिवसांवर आहे, थांब. तिसऱ्या दिवशी सकाळी रेघेला जेमतेम एक हात उरला होता आणि पलीकडचा डोंगर पावसात दिसेनासा झाला होता. आता पालित राजाची वाट पाहणार नव्हता. पण आता दोन मोऱ्यांनी भागणार नव्हते. सातही उघडल्या तर खालची सखल गावे बुडतील, आणि नाही उघडल्या तर बांध फुटून नगरासकट सगळेच जाईल. त्याने वेतसग्रामाकडे माणसे धाडली होती. ती अजून परतली नव्हती.

त्याच सुमारास बांधावरून एक माणूस चालत येताना दिसला. चिखलाने भरलेला, डोक्यावर घोंगडी. जवळ आल्यावर पालिताने भावाला ओळखले.

"दादा, मी उघडणारच होतो," पालित म्हणाला.

"माहीत आहे. किती उरलंय?"

"हातभर. त्याहून थोडं कमीच."

"बांध कुठे पाझरतोय?"

"पाचव्या मोरीपाशी. गढूळ पाणी येतंय."

गढूळ म्हणजे पाण्याबरोबर आतली माती वाहून येत होती. तिष्यगुप्ताने डोळे मिटले आणि उघडले. "गाव पहाटेपासून टेकडीवर आहे," तो म्हणाला. "पण कुंभारांचा पाडा पल्याड आहे, आणि नदी आता ओलांडता येत नाही. बांधावरून पलीकडे उतरून मला त्यांच्यापर्यंत जायचं आहे."

"तू थांब. मी जातो."

"तुझं ते ऐकणार नाहीत, पालिता. मी त्यांच्यात वर्षभर माती वाहिली आहे. आणि दारं उघडायला इथे जाणता माणूस हवा."

दारे उघडण्यापूर्वी बांधावर शंख वाजवायची रीत होती. पालिताने तो शंख भावाच्या हातात दिला. सगळे चढावर गेले की तिष्यगुप्ताने तो वाजवायचा, असे ठरले.

"आणि नीट ऐक," तिष्यगुप्त म्हणाला. "पाणी रेघेला लागलं की उघडायचं. शंख ऐकू आला तरी आणि नाही आला तरी. मी तिथे आहे म्हणून क्षणभरही थांबायचं नाही. नगरात किती माणसं आहेत ते तुला ठाऊक आहे."

तिष्यगुप्त चार पावले पुढे गेला, तेव्हा त्याच्या पाठीकडे बघत पालित म्हणाला, "दादा, त्या दिवशी ढग होते."

"होते," तिष्यगुप्त म्हणाला. "मलाही दिसले होते." त्याने परत येऊन भावाच्या खांद्यावरची ओली घोंगडी सारखी केली आणि मग झपझप पावले टाकत तो पावसात दिसेनासा झाला.

दुपार झाली. पालित खांबावर नजर लावून उभा होता. पाणी बोटाबोटाने चढत होते. सातही दारांपाशी माणसे सज्ज होती आणि सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. शंख वाजत नव्हता. पाण्याने रेघ गाठली, लाट मागे सरली की रेघ दिसे आणि पुन्हा बुडे. मग ती दिसेनाशी झाली.

"उघडा," पालित म्हणाला.

सातही मोऱ्यांतून पाणी सुटले. पायाखालचा बांध थरथरला. खालचे दोन्ही काठ बघता बघता नाहीसे झाले आणि झाडांचे नुसते शेंडे उरले. थोड्या वेळाने, पाण्याच्या त्या गर्जनेतून, पलीकडच्या टेकडीवरून शंखाचा आवाज आला. लांबलेला, पुन्हा पुन्हा येणारा. बांधावरची माणसे एकमेकांना मिठ्या मारू लागली. पोचले, पोचले, असे ती म्हणत होती. पालित चिखलातच खाली बसला आणि खूप वेळ रडत राहिला.

संध्याकाळपर्यंत पाणी रेघेखाली दोन हात उतरले. नगराच्या घाटावरच्या पायऱ्या बुडाल्या, पण नगर वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावरची खेमा नावाची कुंभारीण टेकडीवरून चालत बांधावर आली. तिच्या हातात शंख होता. पालित धावत पुढे गेला.

"दादा कुठे आहे?"

खेमा म्हणाली, "आमचे सासरे अंथरुणाला खिळलेले. सगळ्यांना चढाला लावून तुमचे दादा त्यांना आणायला आमच्या घराकडे परत गेले. मला म्हणाले, वर पोचलीस की वाजव. मी वर पोचले तर पाणी आलेलंच होतं. मग मी त्यांना बोलवायला वाजवला. दम संपेपर्यंत वाजवला."

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ते दोघे वेताच्या बेटात सापडले. म्हाताऱ्याला तिष्यगुप्ताने आपल्या उपरण्याने पाठीला बांधून घेतले होते. ती गाठ सुटली नव्हती. लोकांनी ती तशीच ठेवली आणि दोघांना एकाच चितेवर अग्नी दिला.

राजा पुष्यरथ तिथे पायी आला होता. पालित त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "महाराज, गेल्या वर्षी ढग होते. मी खोटं बोललो."

"का?"

"मला त्याची जागा हवी होती."

राजा चितेकडे वळला. "आणि मला भरलेला तलाव," तो म्हणाला.

पालिताने शिक्षा मागितली. राजा म्हणाला, की मी तुला कोणत्या तोंडाने शिक्षा करू? तू इथेच राहा आणि तुझ्या भावाचा नेम चालव. पालित त्यानंतर बावीस वर्षे त्या बांधावर राहिला. दर वर्षी हस्तापूर्वी तो पाणी चार हात उतरवी. त्यातली कित्येक वर्षे पाऊस आलाच नाही. तेव्हा लोक बांधावर येऊन, भरलेले पाणी वाया घालवले म्हणून, त्याला वाटेल ते बोलत. तो उभा राहून सगळे ऐकून घेई आणि पुढच्या वर्षी पुन्हा दारे उघडी.

ही कथा भगवंतांनी जेतवनात विशाख नावाच्या भिक्षूला सांगितली. एका सोबत्यावर खोटा आळ आला असताना विशाख गप्प राहिला होता. तो सोबती विहार सोडून गेला आणि दूर एका गावात वारला. ते कळल्यापासून विशाखाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

कथा संपल्यावर विशाखाने विचारले, "भन्ते, शंख ऐकू येईपर्यंत पालितानं थांबायला हवं होतं का?"

"नाही," भगवान म्हणाले. "दारं त्यानं वेळेवरच उघडली. उशीर झाला तो आदल्या वर्षी, सभेत."

भगवान त्याला म्हणाले, "विशाखा, तेव्हाचा पालित तूच होतास. खेमा म्हणजे तुला रोज भिक्षा वाढणारी ती वृद्ध उपासिका. तिचा सासरा म्हणजे तू ज्याच्याविषयी गप्प राहिलास तो भिक्षू. राजा पुष्यरथ या सभेत शेवटच्या ओळीत बसला आहे, त्याला मी ओळखतो, आणि आता तोही स्वतःला ओळखेल. तिष्यगुप्त तो मी. खोटा आळ सोसून ज्यांनी आपल्याला हाकलले त्यांच्याच भल्यासाठी झिजत राहणे, ही क्षांती. त्या जन्मी मी ती पूर्ण केली. तू ती आज सुरू कर. ऊठ, आणि थोडं जेवून घे."