काळा धोंडा आणि हिममावशी

फार जुनी गोष्ट आहे, अगदी माझ्या लग्नाच्याही आधीची. एक हिमनदी शिखरावरून खाली निघाली आणि जाताना तिने एक काळा धोंडा पाठीवर घेतला. "मावशीबरोबर जरा फिरून येतो गं आई," असं शिखराला सांगून तो निघाला.

मावशी सावकाश चालत खालच्या माळावर आली. वाटेत खरवडून आणलेली पांढरी खडीही तिच्याजवळ होती. मग ऊन वाढलं आणि मावशीचं टोक रोज थोडं मागे सरकू लागलं.

"चला, निघालो घरी," धोंडा म्हणाला.

खडी हसली. "काळोबा, तुम्ही तर इथेच बसलाय. मावशी गेली वर."

धोंड्याने घाबरून हाक मारली. "मावशी, मला विसरलीस."

वरून बारीक आवाज आला, "बाळा, मी मागे चालत नाहीये रे. मी वितळतेय. मला फक्त खाली आणता येतं."

धोंडा वर शिखराकडे बघत राहिला. खडीने नंतर कधी त्याची चेष्टा केली नाही. त्याला निदान आपलं घर तरी आठवत होतं; आपल्याला कुठून उचललं होतं, हे तिला आठवतच नव्हतं.