सरांनी सोडलेला धडा

एका तालुक्याच्या गावी एक कॉलेज होतं. तिथं शेटे नावाचे सर गावगाडा, म्हणजे ग्रामीण समाजशास्त्र, शिकवायचे. माणूस भला. पण भला माणूस भित्राही असतो, हे लोक विसरतात.

पुस्तकात जातीवर एक धडा होता. तो आला की सर म्हणायचे, "हा घरी वाचा." वीस वर्षं असंच चाललं. कुणाचं मन दुखायला नको, एवढंच त्यांच्या मनात.

यंदा धड्याचं नाव घेतलं आणि सगळ्या वर्गानं सुकेशनीकडे पाहिलं. वर्गात दलित वस्तीतली ती एकटीच पोरगी, दुसऱ्या बाकावर बसलेली. सरांनी झटकन पुस्तक मिटलं. पोरीला वाचवलं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती विषय बदलायचा अर्ज घेऊन आली.

"का गं? हुशार आहेस तू या विषयात."

"सर, काल तुम्ही पुस्तक मिटलंत, तेव्हा मीच त्यातलं वाईट पान आहे असं वाटलं."

सर म्हणाले, "मग उद्या तूच सांग वर्गाला. तुला माहीत आहे ते."

"मी का सांगू? पगार तुम्हाला मिळतो."

बरोबर बोलली. सही करून मोकळं होणं सोपं होतं. सरांनी पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं. "दोन दिवस थांब, बाळ," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर आपलं स्वतःचं गाव काढलं. देऊळ, पार, ओढा.

"ओढ्याचं वरचं पाणी आमचं. माझी आई तिथं धुणं धुवायची. तेच पाणी खाली जायचं आणि खालच्या वस्तीतली माणसं ते प्यायची. मी त्याच ओढ्यात पोहायला शिकलो. एकदाही कुणाला विचारलं नाही, की असं का."

या वेळी कुणी सुकेशनीकडे पाहिलं नाही. जो तो आपलं गाव आठवत होता.

मागून एक पोरगा चाचरत म्हणाला, "सर, आमच्याकडं आता घरोघर नळ आहेत. पण स्मशानं अजून दोन आहेत."

मग सुकेशनी म्हणाली, "दोनच? आमच्याकडं तीन आहेत. आमचं गाव तुमच्या पुढं गेलंय."

हसावं की नाही, पोरांना कळेना. आधी तीच हसली, मग वर्ग हसला, आणि मग सगळे बोलायला लागले. कुणी भांडलं, एक पोरगी रडली. तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. सरही ऐकून न ऐकल्यासारखे उभे राहिले.

सुकेशनीनं विषय बदलला नाही.

तात्पर्य: दुखेल म्हणून मास्तरानं बोलणं टाळलं, तर ज्याचं दुखतं तो एकटा पडतो. बोलावं, आणि सुरुवात आपल्या घरापासून करावी.