आलीकापूची देवडी

"पीरबाबा, आता आणखी काय पाहायचं राहिलं?"

फर्रुखने विचारलं खरं, पण आवाजातली कुरकुर त्याला लपवता आली नाही.

शिराझला जाऊन शिष्यांना शिकवण्याची परवानगी त्याने पीर नुरुल्लांकडे मागितली होती. पीर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "आधी इस्फहान पाहून ये," एवढंच बोलले. इस्फहानात जन्मलेल्या, तिथंच दाढीमिशा फुटलेल्या माणसाला इस्फहान पाहायला पाठवायचं! पण गुरूचा शब्द. फर्रुख मुकाट्याने निघाला.

शाही मशिदीच्या निळ्या घुमटाखाली त्याने टाळी वाजवली, घुमटाने ती पुन्हा पुन्हा वाजवून दाखवली. खाजू पुलाच्या पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसला. डुलणाऱ्या मिनारांपैकी एकावर चढून त्याने तो हलवला, तर पलीकडचा मिनारही डोलू लागला. जुम्मा मशिदीतले विटांचे घुमट तर त्याने मान दुखेपर्यंत पाहिले.

"सगळं पाहिलं," तो म्हणाला. "कुठला घुमट कुणी बांधला, तेही सांगतो. हवी तर परीक्षा घ्या."

पीरांनी परीक्षा घेतली नाही.

"मन्सूर उद्या मशहदच्या काफिल्याबरोबर निघतोय," ते म्हणाले. "परत येणार नाही म्हणतो."



मन्सूर फर्रुखचा थोरला भाऊ. दोघं एकाच गुरूचे शिष्य, एकाच मठात राहणारे, पण एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. वडील, म्हणजे दोघांचे आगाजान, वारले तेव्हा मन्सूर दूर काशानला होता. दुखणं वाढलं तेव्हाच त्याला निरोप गेला होता, पण फर्रुखने त्याची वाट पाहिली नाही. सूर्य मावळण्याआधी त्याने वडिलांना मातीत ठेवलं. मन्सूर दुसऱ्या दिवशी धापा टाकत पोहोचला. "मूठभर माती तरी माझ्यासाठी ठेवायची होतीस," एवढंच तो बोलला. तेव्हापासून अबोला.

"चूक कुणाची होती?" पीरांनी विचारलं.

"माझी नव्हती. दफन लांबवू नये, असा नियम आहे. मी नियमाने वागलो."

"हो. नियमाने वागलास."

पीर उठले. "चल."

शाही मशिदीजवळच्या मैदानाच्या कडेला आलीकापूचा राजवाडा. राजांचे दिवस सरले होते, त्याच्या देवडीत आता कुणीही यावं-जावं. फर्रुख आत शिरला आणि जागीच थबकला. पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून मन्सूर उभा होता.

"नवखा माणूस इथं येतो आणि मधोमध उभा राहून ओरडतो," पीर म्हणाले. "नुसता गलका होतो. कोपऱ्यात तोंड घालून पुटपुटलं, तर समोरच्या कोपऱ्यात अक्षर न् अक्षर पोहोचतं. मधल्याला काही ऐकू येत नाही."

फर्रुखला हे ठाऊक होतं. लहानपणी मन्सूरनेच त्याला शिकवलं होतं.

पीरांनी त्याचे खांदे धरले, त्याला अलीकडच्या कोपऱ्याकडे वळवलं आणि स्वतः देवडीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

फर्रुख भिंतीशी उभा राहिला.

"दफन लांबवता येत नव्हतं," तो पुटपुटला.

भिंत गप्प.

"उन्हाळा होता. मौलवीही तेच म्हणाले."



फर्रुखने कपाळ कोरड्या, थंड विटांना टेकवलं. आता बरोबर असून काय उपयोग, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"दादाश..." तो म्हणाला. "आगाजान जाताना तुझं नाव घेत होते. मी तुला सांगितलं नाही. तू मला बोल लावलास, म्हणून मुद्दाम सांगितलं नाही."

पलीकडे श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं. अगदी कानाशी.

"काय म्हणाले?" भिंतीतून मन्सूरचा आवाज आला.

"म्हणाले... मन्सूर आला का? मी म्हटलं, येतोय. मग विचारलं, जेवला का तो?"

फर्रुख हमसून हमसून रडू लागला. ते रडणंही पलीकडे पोहोचत असणार, हे त्याला कळत होतं, आणि आवरत नव्हतं.

"रडू नकोस," भिंतीतून आवाज आला. तोही धड नव्हता. "नीट सांग. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं, सगळं सांग."

फर्रुखने सांगितलं. पाणी कोणी पाजलं, उशी कोणी सरकवली, डोळे कोणी मिटले... सारं.

सांगून झाल्यावर तो वळला. मन्सूरही वळला होता. डोळे पुसायचं भान दोघांनाही नव्हतं.

"पीरबाबा," फर्रुख म्हणाला, "एवढी वर्षं आम्ही..."

पीर देवडीच्या दाराकडे निघाले होते.

"पाठ फिरवून तर उभेच होतात रे दोघं," ते म्हणाले, "नुसतं बोलायचं होतं."