काळजात शिरलेला चोर

एका राज्यात हळदीला कुणी पिवळी म्हणत नसे. कारण राजा धैर्यसेनच पिवळा पडला होता. शंभर अंगरखे घालून फिरणाऱ्या शतकंचुक नावाच्या जादूगाराला त्याने सीमेबाहेर घालवलं, तेव्हा जाता जाता तो बोलला होता, "राजा, माझा चोर तुझ्या काळजात राहील, आणि तुझ्याच शिपायांना ओळखू येणार नाही."

वैद्यांनी हात टेकले. उशाशी उरली ती थोरली बहीण सौदामिनी. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. एके सकाळी खिडकीत साळुंकी येऊन बसली.

"बाई, आत जाऊन बघता का?"

"कुठे आत?"

"भावाच्या अंगात. माझ्यापाशी तीन पिसं आहेत. एका पिसाला एक फेरी. चौथी मागू नका, मला उडायचंही असतं."

सौदामिनीने पीस जिभेवर ठेवलं आणि ती मोहरीहून लहान झाली. राजाने श्वास घेतला, तशी आत गेली.

उजव्या बरगडीखाली काळजाचं, वैद्य ज्याला यकृत म्हणतात त्याचं, भांडार होतं. ओळीने खोल्या, खोलीला दार, दाराला कडी. रक्ताच्या नदीकाठी पांढरे शिपाई पहारा देत होते. त्यांचा नाईक होता धवल. त्यांची रीत अशी, की चोर सापडला की त्याचं तोंड ढालीवर रंगवायचं, आणि चित्राशी जुळेल त्याला धरायचं. राजाच्या लहानपणी गोवर आला होता. त्याचं तोंड अजून ढालींवर होतं, आणि तो पुन्हा फिरकला नव्हता. रीत वाईट नव्हती हो.

सौदामिनीने एका खोलीतला वाकड्या नाकाचा चोर दाखवून दिला. ढाली रंगल्या. वाकड्या नाकाचे सगळे धरले गेले. राजाचे डोळे निवळले, नगरात तोरणं लागली. तोरणं सुकायच्या आत डोळे पुन्हा पिवळे.

दुसरं पीस. आता चोर सरळ नाकाचे होते, आणि रस्त्यांतून रिकामे अंगरखे चालत होते, आत कुणीच नाही. शिपाई अंगरख्यांशी लढून दमले. मग चिडले, आणि चोर असेल त्या खोलीला आग लावू लागले.

"नाईक, घर कुणाचं जाळताय?"

"चोराचं."

"चोराला घर नसतं. हे माझ्या भावाचं आहे."

धवलने मान खाली घातली आणि पाणी मागवलं. पण फेरी सरली. सौदामिनी बाहेर आली, तर राजाने तिला ओळखलं नाही. "बाई, आपण कोण?" असं त्याने विचारलं.

साळुंकी म्हणाली, "एकच पीस उरलं."

"माहीत आहे. या खेपेला धरायचं नाही. बसून बघायचं."

ती आत गेली आणि एका खोलीच्या कोनाड्यात बसून राहिली. चोर आला. खोलीतल्याच मागावर, खोलीतल्याच सुताने, आपल्यासारखे चोर विणू लागला. घाई अशी, की विणलेलं उलटून बघत नव्हता. एकाचं नाक लांब, एकाला कानच नाही. कित्येक तिथेच मेले. बाकीचे बाहेर पडले. ढालीवरच्या तोंडाशी जुळले ते धरले गेले. जुळले नाहीत ते पुढच्या खोलीत शिरले आणि विणायला बसले.

तेव्हा तिला उमगलं. चोर वेश बदलत नव्हता. तो नुसता चुकत होता, आणि शिपाईच चाळणी होऊन त्याच्या सोयीच्या चुका मागे ठेवत होते.

ती बघत राहिली. काही चोरांची बोटं वाकडी विणली गेली होती. त्यांना कडी निघेना. ते दाराबाहेरच वाळून गेले. आत शिरले त्यांची तोंडं शंभर तऱ्हेची, पण कडी काढणारा हात सगळ्यांचा एकसारखाच. दारापाशी येईतो तो हात शालीखाली झाकलेला असे.

"नाईक, ढालींवरचं तोंड पुसा. हात रंगवा."

"हाताचं चित्र? वाडवडील हसतील, बाई."

"हसू देत. राजा वाचला तर ते हसू सोसायला आपण उरू. आणि रस्त्यात धावू नका. कडीपाशी उभे राहा. हात शालीबाहेर आला की मनगट धरा."

शिपाई दारोदार उभे राहिले. अंगरखे समोरून गेले, कुणी मान वळवली नाही. मग चोर आले. हात तोच राहिला तर मनगट धरलं जाई, हात बदलला तर दार उघडत नसे. खोल्यांत आधीपासून बसलेले होते, त्यांची पिलावळ बाहेर पडली, पण दुसरं दार कुणालाच मिळालं नाही. जुन्या खोल्या ओस पडल्या, त्यांच्या जागी नव्या उभ्या राहिल्या. काळीज पुन्हा वाढतं, त्याला देवाचं तेवढं देणं आहे.

शेवटचं मनगट धरलं गेलं, त्या घटकेला दूर रानात शतकंचुकाच्या अंगावरचे सगळे अंगरखे गळून पडले. खाली निघाला एक थकलेला म्हातारा. तो कुडकुडत जवळच्या गावात गेला. लोकांनी त्याला घोंगडी दिली.

राजा शिंकला, सौदामिनी बाहेर आली. तो उठून बसला होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "भूक लागली. कुणाला सांगू नको, राजाने असं मागू नये म्हणतात."

"राजाला नाही वाढत मी. तुला वाढते."

तिने मऊ भात कालवून दिला. तो जेवला, ताट पुसून जेवला. आणि सौदामिनी तिथेच भिंतीला टेकून झोपी गेली. वाजंत्री महालाच्या दारात ताशे घेऊन उभे होते. राजाने ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवशी राज्यात एकही ताशा वाजला नाही.

अशी झोप तुमच्याआमच्या घरी येवो.